डेटाच्या डिस्कसाठी फाइल सिस्टिम

दादांना झटका आला त्या सोमवारी मी डबा पूर्ण संपवला. हे चांगलं आठवतं, कारण डब्यात वालाची उसळ होती आणि ती मला फारशी आवडत नाही. साडेअकराच्या सुमारास त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं, शेठ त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेले, आणि दीड वाजता मी रोजच्यासारखा डबा उघडला. खाली प्रेसवर काम करणारा एक जण बाटलीत पाणी भरायला वर आला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी विचारलं, "उसळ हवी का?" तो नको म्हणाला आणि गेला.

आमचा गाळा साकीनाक्याला. खाली प्रेस मशीन, वर लोखंडी जिना चढून पोटमाळ्यावर ऑफिस. पत्र्याचे बारीकसारीक पार्ट कापायला जे पोलादी साचे लागतात, त्यांना डाय म्हणतात. त्या डायची ड्रॉइंग मी कॉम्प्युटरवर काढते. डिप्लोमा झाल्यावर लागले ती तिथेच आहे, एकोणीस वर्षं. दादा माझ्या आधीपासूनचे. मूळचे ते डायमेकर, कानशीवर हात बसलेले, पण कॉम्प्युटर आला तसं त्यांना त्याचं वेड लागलं आणि ते सगळं स्वतःच शिकले. गाळ्यातली सगळी ड्रॉइंग ज्या मशीनवर असतात तो सर्व्हर त्यांनीच जोडला आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्सही त्यांनीच टाकलं. मला त्यांनी ड्रॉइंगमधलं सगळं शिकवलं आणि लिनक्समधलं थोडंसं. "तुला लागेल तेवढं सांगतो," म्हणायचे. बॅकअप कसा घ्यायचा, मशीन नीट बंद कसं करायचं, डिस्क किती भरली ते कसं बघायचं, एवढंच. बाकीचं त्यांच्या डोक्यात.

त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं. ज्यांच्याकडे त्यांची ड्रॉइंग आहेत त्या सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर चालू आवृत्तीवर आणावेत, दोन-अडीच महिन्यांनी त्यांचा माणूस येऊन तपासणार. आमच्या सर्व्हरवरचं लिनक्स इतकं जुनं होतं की त्याला दुरुस्त्या मिळणं केव्हाच बंद झालं होतं. दादांनी नव्या आवृत्तीची माहिती वाचायला घेतली आणि कपाळाला हात लावला. सोळा वर्षांपूर्वी डेटाच्या डिस्कसाठी त्यांनी जी फाइल सिस्टिम निवडली होती ती त्या वेळी जोरात होती. पुढे तिच्याकडे कोणी बघेनासं झालं आणि नव्या लिनक्समधून ती काढूनच टाकली. नुसतं अपग्रेड केलं असतं तर मशीन चालू झालं असतं, पण ड्रॉइंगची डिस्क त्याला वाचता आली नसती. म्हणजे आधी सगळा डेटा बाहेर काढायचा, नवीन डिस्क आणायची, तिच्यासाठी नवीन फाइल सिस्टिम ठरवायची आणि मग अपग्रेड.

"कुठली घ्यायची मग?" मी शुक्रवारी विचारलं.

"तीन आहेत. माझं जवळपास ठरलंय. सोमवारी सांगतो."

"आज सांगा ना."

"अगं, एकदा लिहून बघतो. घाई काय आहे तुला?"

सोमवारी ते आले, वर येऊन खुर्चीत बसले, आणि अकराच्या चहाचा ग्लास त्यांच्या उजव्या हातातून सुटला. ते त्या हाताकडे बघत राहिले. मी म्हटलं, "दादा, काय झालं?"

"मग काय," ते म्हणाले.

मी फडका घेऊन टेबल पुसायला लागले. पुसता पुसता परत विचारलं, भाजलं का म्हणून.

"मग काय. मग काय, मग काय."

त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी आधी चहा पुसला. कीबोर्ड उलटा करून झटकला. मग वर बघितलं आणि शेठना हाक मारली. त्यात किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी पुढे वेळ विचारली तेव्हा मी "लगेच" असं सांगितलं.

कांदिवलीला मी आणि आई, दोघीच राहतो. आईला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. आई इतकी वर्षं मुंबईत राहूनही बोलते मालवणीच. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "रडलंस तरी काय गो?"

"नाही."

"वायच रड गो. बरा वाटात."

मी म्हटलं, रडू येत नाहीये. आणि खरंच येत नव्हतं. मला काय वाटत होतं ते शोधायला गेले तर हाताला काहीच लागत नव्हतं. मी कुकर लावला. दुसऱ्या दिवशी कामाला गेले. दादांच्या खुर्चीवर कोणीतरी हेल्मेट ठेवलं होतं, ते उचलून खाली ठेवलं.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात-पाय लुळा, आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, पण तोंडातून दोनच शब्द निघायचे, मग काय. हो म्हणायचं असलं तरी तेच, नाही म्हणायचं असलं तरी तेच, पाणी हवं असलं तरी तेच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द उरतो, आणि तो कुठला उरेल याला काही कारण नसतं. तीन आठवड्यांनी त्यांना मुलुंडला घरी आणलं.

त्याच आठवड्यात शेठ जिना चढून वर आले. त्यांचे गुडघे दुखतात, काम असल्याशिवाय ते वर येत नाहीत.

"त्या अपग्रेडचं काय? बाहेरून कोणाला बोलवू?"

"बोलवा. पण डिस्कवर कुठे काय आहे ते दादांनाच माहीत."

"आणि तुला?"

"थोडं."

"ही फाइल सिस्टिम म्हणजे काय, ते मला सोपं करून सांग."

मी सांगितलं. डिस्क ही नुसती जागा असते. त्या जागेत कुठली फाइल कुठे ठेवली, तिचं नाव काय, ती किती मोठी, याची नोंद ठेवायची जी रीत, ती फाइल सिस्टिम. शेठ लगेच म्हणाले, "म्हणजे गोडाउन तेच, माल तोच, पण कुठल्या रॅकवर काय आहे ते लिहायची पद्धत वेगळी."

"हो. आणि पद्धत बदलायची तर आधी सगळा माल बाहेर काढावा लागतो."

"वाट लागली," शेठ म्हणाले. त्यांनी दादांच्या खुर्चीकडे बघितलं. "दादाला विचार ना जाऊन. बोलत नाही, पण समजतं त्याला. मुंडी तर हलवेल."

त्या आठवड्यात मी दुपारच्या मोकळ्या वेळात तिन्ही फाइल सिस्टिमबद्दल मिळेल ते वाचून काढलं. पहिली ईएक्सटी-फोर. जुनी, साधी, लिनक्स येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेली; काही बिघडलं तर दुरुस्तीची साधनं कुठेही मिळतात. दुसरी एक्सएफएस. मोठ्या फाइलींना झपाझप, पण एकदा आखलेली जागा नंतर लहान करता येत नाही. तिसरीला दादा बटर म्हणायचे, बटरएफएस. ती प्रत्येक फाइलीची एक खूण स्वतःजवळ लिहून ठेवते, त्यामुळे एखादी फाइल पडून पडून खराब झाली तर ती वाचताना सांगते. दोन डिस्कवर दोन प्रती ठेवल्या तर चांगल्या प्रतीवरून खराब प्रत दुरुस्तही करते. पण तिचे हुकूम वेगळे, शिकायला वेळ लागतो, आणि अर्धवट माहितीवर दुरुस्ती करायला गेलं तर होतं तेही जातं असं लोकांनी लिहिलं होतं.

शनिवारी मी तीन चिठ्ठ्यांवर तीन नावं मोठ्या अक्षरात लिहिली आणि पवईवरून बसने मुलुंडला गेले.

वहिनींनी दार उघडलं. दादांची बायको, साठीच्या आसपासची, केस तेल लावून घट्ट बांधलेले. दादा खिडकीपाशी खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. मला बघून त्यांचे डोळे हलले. "मग काय!" ते म्हणाले, आणि त्या वेळी ते अगदी बरोबर वाटलं.

मी त्यांना गाळ्यातलं सांगितलं. कुठल्या डायचं काम चालू आहे, खालचं एक प्रेस बंद पडलंय. मग मी तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्यासमोर स्टुलावर मांडल्या. "दादा, डेटाच्या डिस्कचं. तुम्ही ठरवलं होतं ना? यातली कुठली?"

वहिनी वाकून बघत होत्या. "ही कसली नावं गं?"

मी वाचून दाखवली.

"बटर? पावाला लावायचं ते?"

दादांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मग त्यांनी डावा हात उचलला आणि एक्सएफएसची चिठ्ठी घेतली. "मग काय," म्हणाले. मला जरा आश्चर्य वाटलं, पण मी मान हलवली. खात्री करावी म्हणून चिठ्ठ्या पिसून परत मांडल्या. आता त्यांनी ईएक्सटी-फोर उचलली. तिसऱ्या वेळी दोन एकदम उचलल्या आणि हातात धरून ठेवल्या.

"अगं, हे कुठलीही उचलतात," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "काल चहा की दूध विचारलं. चहावर बोट ठेवलं. चहा दिला तर ढकलून दिला."

मी तरीही चौथ्यांदा मांडायला गेले. का, ते माहीत नाही. दादांनी माझ्याकडे बघितलं. आपली परीक्षा चाललीय हे त्यांना कळलं होतं, तेवढं त्यांना नक्की कळत होतं. त्यांनी डाव्या हाताने स्टुलावरून सगळं झाडून टाकलं. पाण्याचं भांडंही गेलं. मग ते खिडकीकडे तोंड करून बसले.

एक चिठ्ठी पलंगाखाली गेली होती. मी गुडघ्यावर बसून ती काढली. फरशी पुसू लागले तर वहिनींनी हातातून फडका घेतला.

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस हं."

"नाही वहिनी."

"येत जा. ऑफिसचं काही बोललं की हे कान देऊन ऐकतात."

जिना उतरताना मी चिठ्ठ्या पर्समध्ये टाकल्या. रस्त्यावर एका दुकानात पिना आणि आईची गोळी घ्यायची होती, ती घेतली. घरी आल्यावर आई म्हणाली, "कसे आहत ते?" मी म्हटलं, ठीक आहेत.

चार-पाच दिवसांनी वहिनींचा फोन आला. दादांची ऑफिसची बॅग रिकामी करताना त्यांना एक वही सापडली होती. "तुमचं कॉम्प्युटरचं काहीतरी आहे त्यात. मला कळत नाही. तू बघून जा."

मी परत गेले. दादा झोपले होते. वही साधी दोनशे पानी, चौकटीची, डायची मापं लिहायला आम्ही वापरतो तसली. शेवटचं लिहिलेलं पान वहिनींनी उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. वर दादांनी "डेटा डिस्क" लिहून त्याखाली रेघ मारली होती. खाली त्यांचं नेहमीचं तिरकं अक्षर:

एक्सएफएस. जागा कमी करता येत नाही. नको.

बटर. दोन डिस्क. फाइल खराब झाली तर सांगेल. हीच बरी. पण तिला?

ईएक्सटी-फोर. साधी. तिला जमेल.

त्यापुढे काही नव्हतं. पुढचं पान कोरं.

मी ते दोनदा वाचलं. ऑफिसमध्ये आम्ही दोघंच होतो, म्हणजे ती मीच. पण मी त्यात कुठे आले ते मला कळेना. सर्व्हर ते बघणार, मला लागेल तेवढं ते सांगणार, असंच चालत आलं होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी वहीतली ओळ त्यांना वाचून दाखवली.

"बरोबर आहे ना मग," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सोडणारच होते ना काम. गावाला घर बांधून झालंय आमचं." मग माझ्याकडे बघून थांबल्या. "तुला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"सांगणार असतील गं."

मी चहा प्यायले. चहात आलं जास्त होतं. एकोणीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसल्यावर माणूस असं काही सांगत नाही याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि राग यायला हवा होता. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि वही परत दिली. दादा झोपेत तोंडाने श्वास घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं की बाहेरच्या कोणाला बोलवू नका, मी करते.

"जमेल?"

"बघते."

"कुठली घेतेस मग?"

"साधी," मी म्हटलं. दादांनी लिहिलंच होतं, तिला जमेल. मी वेगळा विचार करण्याच्या फंदात पडले नाही.

आधी डेटा बाहेर काढायचा होता. शेठनी एक मोठी बाहेरून जोडायची डिस्क आणून दिली आणि मी जुनी डिस्क तिच्यावर उतरवायला लावली. दोन दिवस ते चाललं. अधूनमधून जुनी डिस्क टिकटिक आवाज करून थांबायची आणि परत चालू व्हायची. संपल्यावर मशीनने अकरा फाइली वाचता आल्या नाहीत असं सांगितलं. ते ठीक होतं, त्या कुठल्या ते तरी कळलं. पण मी सहज म्हणून जुनी जुनी ड्रॉइंग उघडून बघायला लागले तेव्हा आणखी काही उघडेनात. त्या फाइली नीट उतरल्या होत्या, नाव होतं, आकार बरोबर होता, आत कचरा होता. कधी खराब झाल्या कोणास ठाऊक. डिस्कने कधीच तक्रार केली नव्हती, आणि दर महिन्याला मी स्वतःच्या हाताने तो कचरा बॅकअपमध्ये उतरवत होते.

मी सगळी ड्रॉइंग उघडून बघितली. एकेक. आठवडा गेला त्यात. मला त्या कामाचा कंटाळा आला नाही, हे विचित्र आहे. उघडायचं, बघायचं, बंद करायचं, यादीत खूण करायची. शेठच्या घरी कपाटात एक खूप जुनी बॅकअप डिस्क होती, तिच्यावरून बरीचशी परत मिळाली. शेवटी दोनच उरली. एक डाय भंगारात गेलेली होती, तिचं ड्रॉइंग नसलं तरी चालणार होतं. दुसरी एका क्लिपची डाय होती, आणि ती क्लिप अजून दर महिन्याला जाते.

ती डाय मी खालून वर मागवली. दोघांनी मिळून आणून टेबलावर ठेवली, तेलकट, काळी. ते ड्रॉइंग मी गाळ्यात लागल्या वर्षी काढलेलं होतं. दादांनी लाल पेनाने एवढ्या चुका काढल्या होत्या की कागद फाटायचा बाकी होता. आता मी व्हर्निअर घेऊन ती डाय मोजायला बसले. पत्रा कापणारा पंच काढून मोजला, भोकं मोजली, कोपऱ्यांच्या गोलाईला गेज लावला. एका ठिकाणी माप माझ्या हिशेबात बसेना. मी तीनदा मोजलं. मग लक्षात आलं की तिथे दादांनी कानस मारून थोडं जास्त काढलं होतं, ड्रॉइंगमध्ये नसलेलं, पत्रा अडकत असणार म्हणून. मी ते मोजलं तसंच नव्या ड्रॉइंगमध्ये घातलं. हात धुवायला उठले तेव्हा चार वाजले होते आणि डबा तसाच होता.

त्याच संध्याकाळी मी शेठना म्हटलं, "दोन डिस्क लागतील. सारख्या."

"साधी घेणार होतीस ना?"

"आता नाही. फाइल खराब झाली तर सांगणारी घेते."

ती मी फाइलींसाठी घेतली की वहीतल्या त्या प्रश्नचिन्हासाठी, हे मला विचारलं तर सांगता येणार नाही. शेठना फाइलींचं कारण दिलं आणि ते खोटं नव्हतं.

अडगळीत एक जुना कॉम्प्युटर होता. त्यात मी दोन जुन्या डिस्क घातल्या, त्यावर बटरएफएस टाकली आणि ती मुद्दाम बिघडवायला लागले. चालू असताना एका डिस्कची वायर काढली. एका डिस्कवर मधेच कचरा लिहिला आणि तपासणी लावली. तिने कुठल्या फाइलीत बिघाड आहे ते सांगितलं आणि दुसऱ्या डिस्कवरून ती नीट केली. पुढच्या वेळी मी चुकीचा हुकूम दिला आणि सगळंच गेलं. परत पहिल्यापासून केलं. दहा-बारा दिवस असंच, ड्रॉइंगच्या कामातून वेळ काढून. जे जमलं ते आणि जे चुकलं ते कागदावर लिहीत गेले. शनिवारी मुलुंडला जायचे तेव्हा दादांना हे सगळं सांगायचे, आज काय बिघडवलं, कसं परत आणलं. ते ऐकायचे. मधेच "मग काय" म्हणायचे. काय कळत होतं ते मला माहीत नाही. वहिनींना बरं वाटायचं.

एका रविवारी, गाळा बंद असताना, मी अपग्रेड केलं. शेठनी किल्ली दिली होती. सकाळी नऊला शटर वर केलं. खाली प्रेस बंद असल्यामुळे इतकी शांतता होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर ईएक्सटी-फोर ठेवली, तिथे तीच बरी. इन्स्टॉलरने डेटाच्या डिस्कांबद्दल विचारलं तेव्हा मी त्या तशाच सोड म्हणून सांगितलं आणि नंतर हाताने दोन्हींवर मिळून बटरएफएस तयार केली. एक ओळ होती ती. एंटर दाबण्याआधी मी डिस्कांची नावं चार वेळा वाचली, शिवाय बाहेरच्या डिस्कची वायर काढून ठेवली, चुकून तिच्यावर काही होऊ नये म्हणून. एंटर दाबल्यावर दोन सेकंदात झालं. मी काहीतरी होईल म्हणून बघत बसले होते. काही झालं नाही, फक्त खाली परत कर्सर आला.

डेटा परत भरायला संध्याकाळ झाली. मग मी पूर्ण तपासणी लावली. चुका शून्य. मी शेठना फोन करून झालं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "झकास. लाइट बंद करून जा."

तपासायला आलेला माणूस दहा मिनिटं बसला. आवृत्तीचा आकडा बघितला, फॉर्मवर खुणा केल्या, मला सही करायला सांगितली. फाइल सिस्टिमबद्दल त्याने काही विचारलं नाही. त्याच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

पुढे एका गुरुवारी वहिनी दादांना गाळ्यात घेऊन आल्या. जवळच्याच दवाखान्यात व्यायामासाठी आले होते, तिथून रिक्षाने. प्रेसवरच्या दोघांनी त्यांना हाताला धरून जिना चढवला, त्याला बराच वेळ लागला. मी त्यांची खुर्ची पुसून दिली. ते बसले आणि पडद्याकडे बघायला लागले. मी सर्व्हरची काळी खिडकी उघडून दिली, नव्या डिस्कचं फोल्डर होतं त्यात. "दादा, बटर टाकली. दोन डिस्कवर."

त्यांनी डावा हात कीबोर्डवर ठेवला. एका बोटाने, शोधत शोधत, एल दाबलं, मग एस, मग एंटर. फोल्डरांची यादी आली. त्यांनी ती वरून खाली वाचल्यासारखी केली. परत एल, एस, एंटर. परत तीच यादी. पाच-सहा वेळा.

"काय म्हणतायत गं?" वहिनींनी विचारलं.

"यादी मागतायत. काय काय आहे त्याची."

"म्हणजे ओळखलं ना त्यांनी?"

"हो," मी म्हटलं.

खरं तर मला माहीत नव्हतं. बोटांना ती सवय होती, आणि बोटांच्या पलीकडे किती काय होतं ते मला दिसत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते. आठव्या-नवव्या वेळेला त्यांचा हात एसवर न जाता शेजारच्या कळीवर गेला. मशीनने असा हुकूम नाही म्हणून लिहिलं. ते त्या ओळीकडे बघत बसले. मी हात पुढे करून चूक खोडली आणि बरोबर करून दिलं. त्यांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मला तेव्हा वाटलं, आपण हे करायला नको होतं. छातीत काहीतरी बारीक दुखलं, श्वास घेताना लागलं, आणि गेलं. चहा आला. दादांना वहिनींनी बशीतून पाजला.

जानेवारीत ते दोघं गावाला गेले. मुलुंडचं घर भाड्याने दिलं. वहिनी रविवारी कधीतरी फोन करतात. दादा आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात, डाव्या हाताने झाडांना पाणी घालतात. बोलणं अजून तितकंच. "ये गं एकदा, आईलापण घेऊन ये," त्या म्हणतात, आणि मी येते म्हणते. आई तयार आहे, तिचं माहेर तिथून तासाभरावर. माझी रजा शिल्लक आहे. तिकीट काढायचं म्हटलं तर मोबाइलवर पाच मिनिटांचं काम. अजून काढलेलं नाही.